शिक्का नसलेला जुना वाडगा: चांदीचा आहे का, आणि कुठला असावा?

देवरुखची लेक
नमस्कार मंडळी. रत्नागिरीला माझ्या आत्याकडे एक जुना वाडगा आहे. तो खरंच चांदीचा आहे का आणि कुठे घडवलेला असेल, हे जाणकारांनी सांगावं म्हणून हा धागा काढते आहे. फोटो जोडलेत, पण मोबाईलवर बारकावे दिसत नाहीत म्हणून वर्णनही करते.

तोंडाचा व्यास साडेसोळा सेंमी, उंची दहा. बूड गोलसर, मध्ये किंचित चपटं, खाली बैठकीचं कडं नाही. काठ जरा आत वळलेला. बाहेरून सगळीकडे भरगच्च उठावाचं काम आहे. कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीत दोन-तीन माणसं. काहींच्या डोक्यावर उंच, निमुळते मुकुट. वर पानांची पट्टी, खाली कमळाच्या पाकळ्या. एका कमानीत रथ, एकीत हत्ती, एकीत काठी घेतलेला वाकलेला म्हातारा आणि त्याच्यासोबत दोन लहान मुलं. आजी म्हणायची, हा रामाचा वनवास. तळाला मोर कोरलेला आहे आणि मोराच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी काही अक्षरं घातली आहेत, ती मला लागत नाहीत. शिक्का, नंबर, कंपनीचं नाव काहीही नाही.

घरातली समजूत अशी की हा थिबा राजाकडून आलेला, म्हणजे इंग्रजांनी रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाकडून. आत्या एका सराफाकडे घेऊन गेली, तर त्याने हातात घेऊन "शिक्का नाही म्हणजे जर्मन सिल्व्हर" असं सांगून बाजूला सारला. मोडीत द्यायचा असेल तर किलोच्या भावाने घेतो म्हणाला. आत्याला फार लागलं ते. विकायचा नाहीच आहे, पण आपल्याकडे काय आहे ते तिला नक्की कळावं एवढीच इच्छा.

निवांत
सुंदर आहे. एक विनंती, कृपया घासू नका! चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, फॉइल आणि सोडा, काही नको. खाचांमधला काळेपणा आणि उंचवट्यांवरची झीज हाच त्याच्या वयाचा पुरावा आहे. तो एकदा गेला की परत येत नाही.

हुपरीकर
आमच्या घरात चांदीचंच काम चालतं म्हणून लिहितो. शिक्का नाही म्हणजे चांदी नाही, हा तर्कच चुकीचा आहे. इंग्लंडात माल तपासून सिंहाचा शिक्का मारायची सक्तीची पद्धत होती, तशी इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात नव्हती. आपल्याकडे चांदीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, हॉलमार्क आला २००५ साली. त्याआधीची आपल्या आज्यांची ताटं, तांबे, निरांजनं बहुतेक बिनशिक्क्याचीच. गिऱ्हाइकाचा सोनारावर विश्वास आणि कसोटीचा दगड, एवढ्यावर कारभार चाले.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. ते ओळखायला लोक चुंबक लावतात, पण जर्मन सिल्व्हर आणि पितळही सहसा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे फक्त लोखंड बाद होतं. बर्फाचा खडा ठेवून तो भराभर वितळतो का बघतात. तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर तिथेही तो तितकाच भराभर वितळतो, कारण उष्णता वाहून नेण्यात तांबं चांदीच्या अगदी पाठोपाठ आहे. या दोन्हींवर विसंबू नका.

घरच्या घरी, वस्तूला ओरखडाही न पाडता करायची खरी परीक्षा पाण्यातल्या वजनाची. आधी वाडगा कोरडा तोला. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याने भरलेलं मोठं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. वाडगा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा अधांतरी धरा, कडेला किंवा तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंमी त्या धातूचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदी १०.४९ येते. जुन्या रुपयाच्या चांदीला १०.३ च्या वर-खाली. तांबं ८.९६, जर्मन सिल्व्हर साधारण ८.७, पितळ त्याहून थोडं कमीच. उठावाच्या कामात हवेचे बुडबुडे अडकतात आणि आकडा फसवतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि वाडगा हलवून बुडबुडे काढा.

कसबा पेठ
काम बघून मला पुण्याचं वाटतंय. १९व्या शतकाच्या शेवटी पुण्यात देवादिकांच्या उठावाची चांदी होत असे, इंग्रजी नोंदींत हीरप्पा बुचेना या पुण्याच्या कारागिराचं नाव येतं. मद्रासकडेही देवांच्या मूर्तींचं काम होई, त्याला इंग्रज 'स्वामी' नमुना म्हणत. पी. ऑर अँड सन्स ही तिथली मोठी पेढी. रामायण असेल तर या दोहोंपैकी एक.

भुजची सून
कच्छी काम नाही, एवढं मी खात्रीने सांगते. भुजच्या कामात वेलबुट्टी इतकी दाट असते की रिकामी जागा सापडत नाही, आणि प्राणी-पक्षी त्या पानांत लपलेले असतात. उमरशी मावजी यांचं नाव त्यात सगळ्यात मोठं, त्यांच्या वस्तूंवर ओ. एम. भुज असा ठसा मिळतो. तुमच्या वाडग्यात माणसं मुख्य आहेत आणि पानं फक्त काठाला.

देवरुखची लेक
सगळ्यांचे आभार. हुपरीकरदादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. कोरडं वजन ६१० ग्रॅम. पाण्यात आकडा ५९ वर स्थिरावला. म्हणजे १०.३४ आलं ना?

हुपरीकर
बरोबर. मग जर्मन सिल्व्हर विसरा. तेवढ्याच वजनाचा जर्मनचा वाडगा असता तर काट्यावर ७० दिसले असते, तांब्यावर मुलामा असता तर ६८. दहा ग्रॅमचा फरक स्वयंपाकघरातल्या काट्यालाही लपत नाही. आत्यांना आजच फोन करून सांगा.

आता टंच, म्हणजे चांदीच्या शुद्धतेची टक्केवारी, काढून घ्या. मोठ्या गावात टंच मशीन असतं, वस्तू न कापता, न घासता दोन मिनिटांत टक्केवारी देतं. फक्त ते वरच्या पातळ थरापुरतं बघतं, त्यामुळे मुलामा असेल तर फसतं. जुन्या चांदीत आणखी एक गंमत असते. सोनार शेवटी उजाळा देताना वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि पृष्ठभाग आतल्यापेक्षा शुद्ध दिसतो. म्हणून काठ, आतली बाजू, तळ असं वेगवेगळ्या जागी बघायला सांगा. तुमच्याकडे घनतेचा आकडा आहेच. दोन्ही जुळले की प्रश्न मिटला.

पाटी-पेन्सिल
टंच ९२.५ आला तर विलायती आणि ९१.६ आला तर देशी, असं असतं का?

हुपरीकर
इतकं सरळ नाही. इंग्रजी अमलातला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात ९१.६७ टक्के चांदी. एक रुपया म्हणजे एक तोळा. गिऱ्हाईक रुपये मोजून द्यायचं, सोनार ते आटवून भांडं घडवायचा, घडणावळ वेगळी. वजनाचा हिशेब त्यामुळे आपोआप चोख राही. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, तेव्हा ९१-९२ टंच निघाला तर जुने रुपये आटवले असावेत असा अंदाज बांधता येतो. पण ९२.५ आणि ९१.७ यांतला फरक इतका थोडा आहे की त्यावरून देश ठरवू नये. धातू कुठला आणि काम कुठलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मोडीची गोडी
तळाचा फोटो मोठा करून बघितला. अक्षरं मोडी आहेत. "वजन तोळे ५२॥" असं स्पष्ट आहे. ते दोन दंड म्हणजे अर्धा. साडेबावन्न तोळे. त्याच्या आधीची दोन अक्षरं नावाची असावीत, पण फोटोत ठिपके भरलेत.

हुपरीकर
साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२ ग्रॅम. आज भरतो ६१०. शंभर-सव्वाशे वर्षांच्या हाताळणीत आणि घासण्यात दोन ग्रॅम गेले. हिशेब इतका जुळलेला बघून फार आनंद झाला.

कसबा पेठ
मोडी आहे म्हणजे काम इकडचंच ना मग?

मोडीची गोडी
तसं म्हणता येणार नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालणं हे भांडं विकत घेतल्यावर, लग्नात दिल्यावर, वाटणीच्या वेळी होतं. वजन तर बऱ्याचदा गहाण ठेवताना घातलं जाई, म्हणजे सोडवताना वाद नको. ही अक्षरं एवढंच सांगतात की वाडगा मराठी घरात होता. घडवला कुठे, हे त्यांना माहीत नाही.

वस्तुजात
उशिरा येतोय, पण आता सविस्तर लिहितो. जुन्या धातुकामाची नोंद ठेवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे.

हा वाडगा ब्रह्मदेशातला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आधी घाट बघा. बिनकड्याचा गोल बुडाचा, आत वळत्या काठाचा हा आकार बौद्ध भिक्षूंच्या भिक्षापात्राचा, त्याला तिकडे थाबेइक म्हणतात. पुण्या-मद्रासकडच्या वाडग्यांना बहुधा बैठक असते. मग मांडणी: वर पानांची पट्टी, खाली कमळदलं, मध्ये महिरपी कमानींत प्रसंग. आणि उठाव. फोटोत बाजूने प्रकाश पडलेला आहे तिथे बघा, माणसांचे गुडघे आणि हत्तीचं गंडस्थळ पत्र्यापासून जवळजवळ सुटून बाहेर आलंय. इतका उंच उठाव १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आणि २०व्याच्या सुरुवातीला रंगूनच्या कामात भरपूर दिसतो. मंडालेचा दरबार १८८५ मध्ये संपला, त्यानंतर कारागिरांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रंगूनमधले युरोपीय आणि पैसेवाले व्यापारी. त्यांना असंच भरगच्च काम हवं असे.

आता चित्रं. आजींनी राम म्हटलं यात नवल नाही, ब्रह्मदेशातही रामकथा आहे आणि तिकडच्या राजपुत्रांना असेच उंच मुकुट असतात. पण म्हातारा आणि दोन मुलं बघा. मुलांचे हात बघा. पुढे बांधलेले आहेत आणि दोरीचं टोक म्हाताऱ्याच्या हातात आहे. लव-कुशांच्या गोष्टीत असा प्रसंग नाही. हा जूजक ब्राह्मण आणि ही जालि आणि कण्हाजिना. वेस्संतर जातकातली, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेतली मुलं. वेस्संतर हा राजपुत्र, मागेल त्याला काहीही देऊन टाकणारा. राज्याचा पाऊस ज्याच्यामुळे पडतो असा पांढरा हत्ती त्याने परक्यांना दिला म्हणून लोकांनी त्याला वनात धाडलं. वाटेत घोडे दिले, रथ दिला, आणि वनात पोटची मुलंसुद्धा दिली. जूजकाने वेलीने त्यांचे हात बांधून नेले. तुमच्या हत्तीच्या कमानीत राजपुत्राच्या हातात झारी आहे आणि तो समोरच्याच्या ओंजळीवर पाणी सोडतोय. दानावर उदक सोडणं आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. म्हणजे रथ, हत्ती आणि मुलं हे तीनही प्रसंग एकाच कथेतले आहेत. बौद्ध परंपरेत बुद्धाच्या आधीचा हा शेवटचा मानवी जन्म, आणि ब्रह्मी चांदीकामात ही कथा वारंवार येते.

ताई, एक काम करा. आतून टॉर्च मारा. बाहेर जिथे माणूस उठलाय तिथे आत खळगा असायला हवा. खोल खळग्यांत तपकिरी-काळं, काचेसारखं काही चिकटलंय का तेही बघा.

देवरुखची लेक
वस्तुजात, वाचून अंगावर काटा आला. मुलांचे हात बांधलेले आहेत हे इतकी वर्षं आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

टॉर्च मारला. आत तंतोतंत खळगे आहेत. हत्तीच्या मागच्या खळग्यात मोहरीएवढा काळपट तपकिरी कण आहे, नखाने खरवडला तर निघत नाही. मधल्या मोकळ्या भागात छोटे छोटे चपटे ठोके दिसतात. टंचही काढून आणला: तळ ९१.४, आतली बाजू ९१.७, काठ ९२.१. बाकी तांबं, आणि शिसं व सोनं अगदी किंचित.

वस्तुजात
तो कण राळेचा. पत्रा आतून ठोकून माणसं फुगवायची, मग वाडगा राळेने भरून गार करायचा म्हणजे बाहेरून बारीक काम करताना चांदी दबत नाही. शेवटी तापवून राळ ओतून टाकतात, खोल जागी थोडी राहते. चपटे ठोके हातोडीचे. यंत्रावर फिरवून केलेल्या वाडग्यात त्याऐवजी एकात एक गोल रेषा दिसल्या असत्या. शिसं-सोन्याचा अंशही जुन्या चांदीला शोभणारा आहे, आजच्या विजेने शुद्ध केलेल्या चांदीत तो सहसा उरत नाही. काठाला जास्त आणि तळाला कमी, हा फरकही हुपरीकरांनी सांगितलेल्या कारणाने येतो.

मांडवी बंदर
मग थिबाचाच! तळाला मोर आहे ना. मोर हे तिथल्या राजघराण्याचं चिन्ह होतं.

वस्तुजात
चिन्ह होतं, खरं आहे. पण बाजारी वाडग्यांच्या तळालाही मोर, सिंह, हत्ती कोरलेले सापडतात, कारागिराच्या किंवा दुकानाच्या खुणेसारखे. मोरावरून राजवाड्यापर्यंत जाता येत नाही.

थिबाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं, राजवाडा बांधून झाला १९१० साली, तो वारला १९१६ च्या डिसेंबरात आणि सुपयालत राणी १९१९ मध्ये रंगूनला परत गेली. पैशांच्या तंगीमुळे त्याने रत्नं, दागिने विकले हेही खरं. त्यामुळे रत्नागिरीतली प्रत्येक ब्रह्मी वस्तू लोक त्याच्याशी जोडतात. पण त्याच काळात रंगूनच्या आगबोटींवर, गोदीत, कचेऱ्यांत कोकणातली माणसं होती. ४२ साली जपान्यांनी रंगून घेतलं तोवर हे येणं-जाणं चालू होतं. राजाकडून आला म्हणायला कागद हवा. पावती, पत्र, यादी, काहीही. घरात जुन्या वह्या आहेत का?

देवरुखची लेक
आत्या म्हणते, पणजोबा थोडीफार सावकारी करत. त्यांच्या चोपड्या माळ्यावर आहेत. शनिवारी जाते आणि काढते.

देवरुखची लेक
चोपड्या मिळाल्या, वाळवी लागलेली आहे पण मधली पानं शाबूत आहेत. एका पानावर "५२॥" दिसलं म्हणून तेवढ्याच पानाचा फोटो टाकते. मोडीची गोडी, बघाल का?

मोडीची गोडी
बघितलं. शके १८४६, म्हणजे इसवी सन १९२४-२५. नोंद गहाणाची आहे. "रुप्याचा वाडगा नकशीचा १, तोळे ५२॥". पुढे गहाण ठेवणाऱ्याचं नाव आणि "आगबोटीवरील" असं लिहिलंय. वाडग्यावरची आधीची दोन अक्षरं याच नावाची आद्याक्षरं आहेत, आता जुळली. शेजारच्या नोंदींवर सोडवल्याच्या रेघा मारलेल्या आहेत, या नोंदीवर रेघ नाही. नाव इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय. फोटोत नाव दिसतंय, तेवढा भाग झाकून पुन्हा टाका.

वस्तुजात
म्हणजे आगबोटीवरच्या माणसाने आणलेला, आणि सुपयालत राणी गेल्यावर काही वर्षांनी गहाण पडलेला. वाडगा घडला कधी, हे या तारखेने ठरत नाही, पण १९२४-२५ च्या आधीचा हे पक्कं झालं. माझा अंदाज १८९० ते १९२०. थिबाचा धागा आता मी तरी सोडून देईन.

देवरुखची लेक
फोटो बदलला. नाव वाचल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. ते घराणं मांडवीकडे अजून आहे, त्यांच्या सुनेला ती ओळखते. वाडगा सोडवायचा राहून गेला की पुढे काही व्यवहार झाला, हे पुढच्या वर्षांच्या चोपड्यांत सापडेल का बघायचं आहे. सापडेपर्यंत त्यांच्याकडे जाऊन वाडगा दाखवायचा असं तिने ठरवलंय. पुढच्या पानांचे फोटो नावं झाकून टाकते.

आणखी एक. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतोय की मी घेऊन जातो, तिकडे जाणकारांना दाखवतो.

निवांत
नेऊ देऊ नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर जप्त होईल. नीट फोटो, वजन, टंचाचा कागद आणि चोपडीचं पान एवढं पाठवा, तिकडच्या जाणकाराला त्यावरून पुरेसं कळतं.

भुजची सून
आणि कोरड्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. लोकर, रबर, वर्तमानपत्र नको, चांदी काळवंडते.

पाटी-पेन्सिल
माझ्याकडेही बिनशिक्क्याची एक वाटी आहे. पाण्यात तोलून ९.४ येतंय. तळ वेगळा जोडल्यासारखा दिसतो, जोडावर पिवळसर रेघ आहे. हे काय असेल?

हुपरीकर
कमी टंचाची चांदी असू शकते किंवा तळ दुसऱ्या धातूचा. पिवळसर रेघ डागाची, म्हणजे झाळण्याच्या मिश्रधातूची. त्याच्यात पितळ असतं. वाटीचं अंग आणि तळ यांचा टंच वेगवेगळा काढा आणि बुडबुडे काढून पुन्हा एकदा तोला. वेगळा धागा काढून फोटो टाका, तिथे बघू.